उंच उडी आणि पलीकडची जमीन

उंच उडीचा सामना पाहावयास जमलेल्या लोकांची दृष्टी आडव्या काठीवर खिळलेली असते. उडी मारणारा धावत येतो, एका पायावर उसळतो, काठी स्थिर राहते किंवा खाली पडते, आणि तेवढ्यावर टाळ्या तरी वाजतात किंवा हळहळ तरी ऐकू येते. काठीच्या पलीकडे तो कशावर पडला, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. तथापि या खेळाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास चाळला तर असे दिसून येते की, माणूस किती उंच उडेल याचा निकाल पुष्कळदा काठीपलीकडच्या जमिनीने लावलेला आहे. जेथे पडणे निर्धोक झाले तेथे उडी वाढली. जेथे पडण्याचे भय कायम राहिले तेथे ती अडून राहिली. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरातून निघून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सहाव्या स्थानापर्यंत पोहोचलेल्या सर्वेश अनिल कुशारे या तरुणाचे चरित्र याच इतिहासाचे एक पान होय. ते पान नीट समजावयाचे तर त्याच्या आधीची पाने उलटणे अवश्य आहे.

या खेळाला नियमांचे बंधन पडले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये. १८७६ साली ऑक्सफर्डच्या मार्शल ब्रुक्स या विद्यार्थ्याने सहा फुटांची उंची प्रथम ओलांडली. त्या काळी पलीकडे फार तर हिरवळ किंवा उकरलेली माती असे. साहजिकच उडी मारणाराला पायांवरच उतरावे लागे, आणि पायांवर उतरावयाचे म्हणजे शरीर जवळजवळ उभे ठेवूनच काठी ओलांडावी लागे. एक पाय आधी, दुसरा मागून, अशी ती कात्रीसारखी उडी आजही शाळेतील मुले कोणी न शिकविता मारतात. अमेरिकेच्या मायकेल स्वीनी याने १८९५ साली याच उडीत थोडा पालट केला. काठीवर येताच शरीर आडवे करावयाचे आणि उतरताना पुन्हा सावरून पायांवर यावयाचे, ही त्याची युक्ती. तिच्या बळावर तो साडेसहा फुटांच्या अगदी जवळ गेला.

पुढे वाळूचे हौद आले आणि अंगावर पडणे शक्य झाले. १९१२ साली जॉर्ज होराईन या अमेरिकन तरुणाने काठीला कूस देऊन उडी मारली आणि दोन मीटरची, म्हणजे ६ फूट ७ इंचांची उंची गाठली. त्याच्या घरामागील अंगणात एकाच बाजूने धावत येण्यापुरती जागा होती, म्हणून त्याला ही नवी तऱ्हा सुचली असे सांगतात. नियम मात्र जमिनीइतक्या लवकर मऊ झाले नाहीत. डोके पायांच्या आधी काठीपलीकडे जाता कामा नये, असा एक दंडक बराच काळ होता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिल्ड्रेड डिड्रिक्सन आणि जीन शायली या दोघी अमेरिकन स्त्रियांनी सारखीच उंची गाठली. परंतु डिड्रिक्सनची उडी सूर मारल्यासारखी आहे, असा आक्षेप घेऊन पंचांनी तिला दुसरे स्थान दिले. पुढे हा दंडक गेला. काठीकडे तोंड करून, पोट काठीला समांतर ठेवून जाणारी उडी सर्वमान्य झाली, आणि १९५६ साली चार्ल्स ड्युमास याने सात फुटांची मर्यादा प्रथम ओलांडली.

महाराष्ट्राला पडण्याच्या जागेचे महत्त्व नवे नव्हते. तालमीतील लाल माती काही आपोआप मऊ होत नाही. ती खणावी लागते, चाळावी लागते. तीत तेल, हळद, ताक, लिंबाचा रस मुरवावा लागतो. आणि हौदा रोज उकरून सारखा करावा लागतो. आपटलेल्या मल्लाचे हाड मोडू नये, खरचटलेल्या अंगात विष भिनू नये, एवढी काळजी त्या मातीत साठविलेली असते. जो उद्या दुसऱ्यास उचलून टाकणार, त्याला आज निर्भयपणे पडता आले पाहिजे, हे वस्तादांना पक्के ठाऊक होते. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला, १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, आणि देशी तालमीच्या शेजारी धावणे, उड्या, फेक हे मैदानी खेळ हळूहळू येऊन बसले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे जे पथक गेले, त्याची उठावणी याच डेक्कन जिमखान्यावरून सर दोराबजी टाटा यांच्या साहाय्याने झाली.

खेड्यापाड्यांतील शाळांच्या दृष्टीने त्या काळच्या उंच उडीत एक मोठा गुण होता. तिला खर्च नव्हता. दोन बांबू, त्यांना ठोकलेले खिळे, एक दोरी किंवा हलकी काठी, आणि पलीकडे वाळू, एवढ्या सामग्रीवर खेळ उभा राही. आजचा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्हा घ्या. त्याचा पुष्कळसा भाग अवर्षणाचा. परंतु गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना या नद्यांनी वाळू देण्यात कधी हात आखडला नाही. नदीकाठच्या गावी बैलगाडीभर वाळू शाळेच्या आवारात आणून टाकली की काम भागे. वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर येथे अडविलेले गोदावरीचे पाणी कालव्यांनी खाली कोपरगाव व राहात्याच्या शेतांकडे जाते. निफाड, येवला, कोपरगाव हा सलग शेतीचा पट्टा दोन जिल्ह्यांत वाटला गेला असला, तरी त्याची शाळा, त्याचे शिक्षक आणि त्याची मैदाने यांत फारसे अंतर नाही. एका तालुक्यातील शाळेस जी अडचण, तीच पलीकडच्या तालुक्यातील शाळेस. म्हणूनच निफाडमध्ये जे घडले ते कोपरगाव, संगमनेर, पाथर्डी किंवा कर्जत यांनीही आपले म्हणून पाहण्याजोगे आहे.

वाळूवरच्या या उडीने माणूस कोठवर गेला, हे सोव्हिएत रशियाच्या वालेरी ब्रुमेल याने दाखविले. १९६१ ते १९६३ या तीन वर्षांत त्याने जागतिक विक्रम सहा वेळा सुधारला. प्रत्येक वेळी एकेक सेंटिमीटर, २.२३ मीटरपासून २.२८ मीटरपर्यंत. २.२८ मीटर म्हणजे साडेसात फुटांना अगदी थोडे कमी. घराच्या सामान्य दाराची चौकटही इतकी उंच नसते. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. १९६४ साली टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडागारात ब्रुमेलला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. जॉन थॉमस आणि तो या दोघांनीही २.१८ मीटर ओलांडले होते. ब्रुमेलच्या चुका कमी, एवढ्यावर निर्णय लागला. याच युगात भारताच्या अजित सिंग याने १९५४ च्या आणि भीम सिंग याने १९६६ च्या आशियाई स्पर्धेत उंच उडीचे सुवर्णपदक मिळविले. साधने सर्वांची जवळजवळ सारखी होती, तेव्हा आपले उडी मारणारे आशियात पहिले येऊ शकत होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

त्यानंतर जमीनच बदलली. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत वाळू व लाकडाचा भुसा जाऊन त्यांच्या जागी रबरी फोमचे जाड गादे येऊ लागले. ऑरेगॉन प्रांतातील डिक फॉसबरी या मुलाला पोटावरची प्रचलित उडी काही केल्या साधेना. तो जुन्या कात्री उडीकडे परतला, आणि तीत कंबर वर उचलण्याच्या खटाटोपात हळूहळू पाठीवर झुकू लागला. शेवटी त्याने काठीकडे चक्क पाठ केली. १९६८ साली मेक्सिको शहरातील ऑलिंपिकमध्ये या विचित्र उडीने त्याने २.२४ मीटरचा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्णपदक घेतले. प्रथम लोक हसले. नंतर जगभरची मुले तिचे अनुकरण करू लागली. १९७२ साली म्युनिकला पुरुषांचे सुवर्णपदक पोटावरच्या उडीने शेवटचे जिंकले गेले. १९७३ साली ड्वाइट स्टोन्स या अमेरिकन तरुणाने पाठीवरच्या उडीने २.३० मीटर ओलांडले, आणि १९९३ साली क्यूबाच्या हावियेर सोतोमायोर याने २.४५ मीटरचा विक्रम केला तोही याच पद्धतीने.

या उडीत चमत्कार असा की, तीत शरीराचा भार काठीच्या वरून न नेताही शरीर काठीवरून नेता येते. उडी मारणारा प्रथम सरळ धावतो आणि शेवटच्या काही पावलांत वळण घेतो. वळणावर धावणारा माणूस आतल्या बाजूस कलतो. उसळतेवेळी हाच कल त्याचे शरीर फिरवून पाठ काठीकडे करतो. मग डोके, खांदे, कंबर, पाय असे एकेक अंग क्रमाने काठीवरून जाते. फुलांचा हार खुंटीवरून ओढून घेताना त्याचा मधला भाग खुंटीवर असतो आणि दोन्ही टोके खाली लोंबत असतात, तसेच हे. कमानीसारख्या वाकलेल्या शरीराचा गुरुत्वमध्य काठीच्या पातळीला किंवा तिच्या किंचित खालूनही जाऊ शकतो. तेवढ्या बळात अधिक उंची, असा हा हिशेब आहे.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजू आहे. अशी उडी मारणारा पायांवर उतरत नाही, कुशीवर उतरत नाही. तो खांद्यांवर व पाठीच्या वरच्या भागावर येऊन आदळतो, आणि मान तेथून वीतभरही दूर नसते. दोन मीटर उंचीवरून वाळूवर असे पडणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. म्हणून पाठीवरच्या उडीला गादी हवीच. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ती निदान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर जाड असावी, असा नियम आहे. कुस्तीत पाठ लागली की हार होते. उंच उडीत १९६८ नंतर पाठ लागल्यावाचून जीत नाही, असा उलटा न्याय झाला. आणि पाठ कोठे टेकावयाची, हा प्रश्न पैशाचा झाला. गाडीभर वाळूवर चालणारा खेळ महागड्या गादीवर जाऊन बसला. ज्या शाळेपाशी गादी नाही, त्या शाळेतील मुलाने जुनी कात्री मारावी, किंवा उडीचा नाद सोडून द्यावा. बुद्धी, पाय, चपळाई यांत काही उणे नसता केवळ पलीकडची जमीन कठीण म्हणून किती मुले बाहेर राहिली असतील, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

आता निफाडकडे वळावयास हरकत नाही. हा तालुका कांदा, द्राक्षे आणि मका यांचा. लासलगावची कांद्याची बाजारपेठ याच तालुक्यातील. येथील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात, १९९५ साली सर्वेशचा जन्म झाला. वडील अनिल कुशारे हे कांदा व मका पिकविणारे. शाळेत रावसाहेब जाधव हे व्यायामशिक्षक होते. या मुलाच्या पायांत उसळी आहे, हे त्यांनी ओळखले. शारीरिक शिक्षणाच्या मास्तरास कवायत घेणारा म्हणून दुय्यम मानण्याची आपल्याकडे रीत आहे. पण मुलाच्या अंगचा गुण वर्गातल्या फळ्यावर दिसत नाही, तो मैदानावरच दिसतो, आणि तेथे पाहणारे डोळे या मास्तराचेच असतात. गुण दिसला तरी पुढचा प्रश्न होताच. शाळेपाशी उडीची गादी नव्हती. त्या मुलुखात जे विपुल होते ते वापरण्यात आले. मक्याच्या कणसांची सालपटे, शेतातील टाकाऊ काड आणि कापूस यांचा जाड थर रचून पडण्याची जागा तयार झाली, आणि त्यावर सर्वेश काठीकडे पाठ करून उडी मारावयास शिकला.

ही गोष्ट ऐकून कौतुकाने हसणे सोपे आहे. तिचा अर्थ मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मळणीनंतर गुरांपुढे टाकावयाचे किंवा बांधावर जाळावयाचे ते सालपट एका मुलाच्या मानेखाली आले आणि मानेस धक्का लागला नाही. वस्ताद हौदा उकरतो तेव्हा जी काळजी घेतो, तीच काळजी येथे एका शिक्षकाने आणि शेतकऱ्याच्या घराने घेतली. फॉसबरीच्या देशात जे कारखान्याने केले, ते येथे मक्याच्या शेताने केले. फरक एवढाच की, कारखान्याची गादी हजारो मुलांना मिळाली. ही एका शिक्षकाच्या कळकळीपुरती राहिली.

पुढे सर्वेश सैन्यात दाखल झाला आणि त्याला रीतसर सरावाची साधने मिळाली. २०१९ साली काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने २.२१ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. २०२२ साली गुजरातमध्ये भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत तो २.२७ मीटरवर गेला. २०२३ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २.२६ मीटरने त्याला रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी चीनमधील हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तेवढीच उंची गाठूनही तो चौथा आला, आणि पदक थोडक्यात हुकले. दरम्यान देशातही या खेळाची पातळी चढत होती. हरिशंकर रॉय याचा २००४ सालचा २.२५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम बारा वर्षे टिकला होता. २०१६ साली तेजस्विन शंकर या दिल्लीच्या मुलाने तो मोडला, आणि २०१८ साली अमेरिकेत शिकत असता तो २.२९ मीटरपर्यंत नेला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनला कांस्यपदक मिळाले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वेश पॅरिस ऑलिंपिकच्या मैदानावर उतरला. तेथे त्याचे काही चालले नाही. २.१५ मीटर ओलांडून तो थांबला. पुढच्या उंचीवर काठी तिन्ही वेळा पडली आणि प्राथमिक फेरीतच तो बाद झाला. जी उंची त्याने अनेक वेळा मागे टाकली होती, तिच्यापाशी सबंध जगासमोर अडावे लागणे, ही खेळाडूच्या आयुष्यातील कठीण घटका होय. उंच उडीचा नियमच निष्ठुर आहे. इतर अनेक खेळांत जिंकणारा विजयावर थांबतो. उंच उडीत बहुधा जिंकणाराही शेवटी काठी पाडूनच थांबतो, कारण तो पडेपर्यंत काठी वर चढत राहते. प्रत्येक उडी मारणाराची स्पर्धा अपयशावर संपते. प्रश्न इतकाच की, ते अपयश किती उंचीवर आले.

तेरा महिन्यांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, टोकियोस जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. प्राथमिक फेरीत २.२५ मीटर ओलांडून सर्वेश अंतिम फेरीत गेला. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीपर्यंत त्याच्या आधी कोणीही भारतीय पोहोचला नव्हता. १६ सप्टेंबर रोजी अंतिम सामना झाला. न्यूझीलंडचा हॅमिश केर २.३६ मीटर उडी मारून पहिला आला. कोरियाचा वू सांग-ह्योक दुसरा आणि चेक प्रजासत्ताकाचा यान श्तेफेला तिसरा. सर्वेशने २.२८ मीटर ओलांडले. स्वतःच्या आधीच्या सर्वोत्तम उडीहून ही उडी एक सेंटिमीटरने अधिक आणि तेव्हाच्या राष्ट्रीय विक्रमाहून एक सेंटिमीटरने उणी होती. तो सहावा आला.

२.२८ हा आकडा श्रोत्यांच्या स्मरणात असेल. १९६३ साली तो मनुष्यजातीच्या उडीची सीमा होता. आणि ज्या जागेवर १९६४ साली ब्रुमेलला सुवर्णपदक मिळाले, त्याच जागेवर, जुने क्रीडागार पाडून नव्याने बांधलेल्या क्रीडागारात, निफाडच्या शेतकरीपुत्राने ती उंची ओलांडली. येथे हर्ष आणि विषाद दोन्ही एकत्र येतात. हर्ष अशासाठी की, जगाच्या वेशीवर ब्रुमेलने बांधलेली रेषा आपल्या मुलाने पार केली. विषाद अशासाठी की, त्या उंचीस आता सहावे स्थान मिळते. ती रेषा ओलांडून भारत जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचेपर्यंत बासष्ट वर्षे लोटली. या बासष्ट वर्षांत आपल्या मुलांचे पाय दुबळे झाले असे कोणी म्हणू शकणार नाही. ज्यांनी १९५४ व १९६६ साली आशियात पहिला क्रमांक घेतला, त्यांच्याच देशातील ही मुले. कमी पडली ती पलीकडची जमीन.

ही उणीव दूर करण्यास फार मोठे भांडवल लागते असेही नाही. प्रत्येक खेड्यात क्रीडागार बांधता यावयाचे नाही. पण तालुक्यातील एका शाळेत एक चांगली गादी, तिच्यावर ऊन-पावसापासून बचाव करणारे छप्पर, आणि ती जवळच्या शाळांना वापरावयास देणारा एक उत्साही व्यायामशिक्षक, एवढे तरी अशक्य नसावे. उडी मुलाची असते, पण ती मारण्याचे धैर्य त्याला पलीकडच्या जमिनीवरील विश्वासातून येते. तो विश्वास निर्माण करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे. रावसाहेब जाधव यांनी ते मक्याच्या सालपटांनी केले. अहिल्यानगर असो वा नाशिक, मका सगळीकडे पिकतो, आणि उसळी असलेली मुलेही सगळीकडे जन्मतात. त्यांच्यासाठी काठीपलीकडे कोण काय अंथरतो, यावर त्यांची उंची अवलंबून आहे.